चार पन्हळींची संगीन

चारकोपच्या आमच्या गाळ्यात लेथच्या मागे एक लोखंडी कपाट आहे. वरच्या कप्प्यात कटिंग टूल, मधल्या कप्प्यात मायक्रोमीटर आणि गेज, आणि खालच्या कप्प्यात तेलकट फडक्यांत गुंडाळलेल्या सहा संगिनी. पाच काळपट आहेत, फौजेच्या हातून सुटल्या तशाच. सहावी आरशासारखी चमकते. नवखा माणूस आला की पहिला हात तिलाच घालतो आणि म्हणतो, ही भारी आहे. मी काही बोलत नाही. तिच्यात भारी असं आता काही उरलेलं नाही. आणि ज्याने ती चमकवली त्या माझ्या मिस्त्रीवरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

संगीन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बंदुकीच्या टोकाला लावलेली लांब सुरी येते. ह्या तशा नाहीत. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी सुरी सोडली आणि वीतभर लांबीची, अंगठ्यापेक्षा बारीक, टोकदार सळई केली. मागच्या बाजूला एक कडं, त्याला खटका, ते बंदुकीच्या नळीवर बसवून फिरवलं की झालं. लोखंड कमी, मेहनत कमी. शिपायांना ती कधी आवडली नाही म्हणतात. भाकरी कापता येत नाही, काटकी तोडता येत नाही, फक्त भोसकता येतं. कॅनडात झाल्या, अमेरिकेत इंग्रजांसाठी झाल्या, आणि युद्ध संपल्यावर जगभरच्या भंगारात गेल्या.

मला पहिली मिळाली ती कांजूरमार्गच्या एका भंगारवाल्याकडे. मी गोल बार घ्यायला गेलो होतो. त्याच्या टेबलावर लाकडी ठोकळ्यात एक सळई उभी ठोकलेली, आणि तिच्यात पावत्या खोचलेल्या. पावत्यांच्या खाली कडं दिसत होतं. मी तेव्हा तीस वर्षं लोखंड हाताळत आलो होतो. पावत्या खोचायच्या सळईला कुणी खटक्याचं कडं करत नाही, एवढं मला कळलं. मी विचारलं काहीच नाही. बार मोजून घेतले, भावावरून भांडलो, अर्धा तास आवाज चढवला, आणि शेवटी दमलेल्या आवाजात म्हटलं, "जाऊ दे यार, तुझ्याशी कोण डोकं लावणार. तो टोचा तरी टाक वर." त्याने पावत्या काढल्या आणि ठोकळ्यासकट टाकला.

हा माझा धंद्याचा एकच नियम. वस्तू आवडली हे तोंडावर दिसता कामा नये. माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घाटकोपरला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून खुर्ची टाकली. त्यांच्या तोंडावर सगळं दिसायचं. काय हवंय, किती गरज आहे, सगळं. दुकानदार त्यांच्याकडे बघूनच भाव ठरवायचा. मी ते बघत मोठा झालो आणि तोंड बंद ठेवायला शिकलो. आवाज मोठा, तोंड बंद. दोन्ही एकाच वेळी जमतं.

संगीन गाळ्यात आणली तेव्हा पहिल्यांदा मिस्त्रीने हातात घेतली. मिस्त्री म्हणजे माझा टर्नर. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, कुडाळकडचा. मी अठरा वर्षांचा असताना दुसऱ्याच्या कारखान्यात ह्यानेच मला लेथवर उभं केलं होतं. पुढे मी स्वतःचा गाळा घेतला तेव्हा तो माझ्याकडे आला. गुरू नोकर झाला आणि चेला मालक, पण त्याने मला कधी शेठ म्हटलं नाही. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला मेल्या म्हणायचा. बाकीची माणसं गालात हसायची.

"ह्यां काय हाडलंस?" तो म्हणाला.

"टोचा. भंगारातला."

त्याने सळई उजेडाकडे धरून फिरवली. टोकापासून कड्यापर्यंत बोट नेलं. "टोचो नाय. कोणीतरी चांगल्या मशीनवर काढलेलो असा."

"काढला असेल. टाक कपाटात."

खरी माहिती मला मुलुंडला राहणाऱ्या एका निवृत्त सुभेदारांनी दिली. त्यांच्या जिन्याची रेलिंग आम्ही केली होती. त्यांनी कागदावर चित्रं काढून दाखवलं की ही सळईची संगीन पहिल्यांदा आली तेव्हा गोल नव्हती. तिला चारी बाजूंनी पन्हळी होत्या, टोकाकडून बघितलं तर अधिकच्या चिन्हासारखी. शिलाई मशीन बनवणाऱ्या एका कारखान्याने ती केली. पन्हळी पाडायला वेळ फार लागायचा, म्हणून थोड्याच झाल्या आणि मग साधी गोल सळई आली. त्यानंतर दोन तुकडे जोडलेली. शेवटची तर नुसती वेल्डिंग मारलेली, कशीतरी घासलेली. "चार पन्हळींची सापडली तर मला दाखवायला आण," ते म्हणाले. "फौजेतसुद्धा मी एकदाच बघितली."

पुढच्या सहा-सात वर्षांत मी पाच जमवल्या. एक जुन्या टपरीवर शहाळ्यांना भोकं पाडायला ठेवलेली. एक तंबूवाल्याकडे खुंटी म्हणून, कडं हातोड्याने चेपलेलं. कॅनडाची एक सुभेदारांनीच दिली, बाणाच्या ठशाची. मी त्या ओळीने बाकावर मांडायचो आणि मिस्त्री डबा खाता खाता त्यांच्याकडे बघायचा. एकदा त्याने दुसऱ्या नमुन्याची आणि शेवटच्या नमुन्याची शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाला, "लढाय वाढता तशी घाय वाढता. बघ, हय फिनिश असा, आणि हय नुसतो राग." एखाद्या प्रोफेसरलाही हे सुचलं नसतं.

ह्या लढाईतल्या आहेत एवढं मिस्त्रीला माहीत होतं, पण त्यालाही मी कधी सांगितलं नाही की त्यांच्या मागे लोक लागतात, ठसा शाबूत असेल तर तिचं मोल वेगळं असतं. गाळ्यात दहा माणसं येतात. एकाला कळलं तर भंगार बाजारभर कळणार, आणि मग प्रत्येक गंजकी सळई माझ्यासाठी सोन्याची होणार. त्यामुळे कुणी विचारलं तर माझं उत्तर एकच, भंगार आहे, छंद आहे. घरी तर बायकोने उंबऱ्याच्या आतच येऊ दिल्या नाहीत. "माणसं मारायची हत्यारं माझ्या कपाटात नकोत," म्हणाली. म्हणून त्या गाळ्यातच राहिल्या.

चार पन्हळींची मला खारदांड्याला दिसली.

एका ओळखीच्या माणसाच्या होडीच्या पंख्याचा शाफ्ट बसवायला आम्ही गेलो होतो, मी आणि मिस्त्री. काम आटोपून बाजाराकडे आलो तर एक म्हातारी कोळीण लादीचा बर्फ फोडत बसलेली. हातात टोचा. तो वर गेला तेव्हा उन्हात त्याच्या अंगावर सावलीची रेघ दिसली. गोल सळईवर अशी रेघ पडत नाही.

मी पापलेटाचा भाव विचारला. घासाघीस केली. ती भडकली, मी भडकलो. मग म्हटलं, "मावशी, ह्या गंजक्या टोच्याने बर्फ फोडता, गंज मच्छीत जातो."

"सासऱ्यानं गोदीतून आणलेला हाय. तेव्हापासनं फोडतेय. कोण मेला काय गंजानं?"

"द्या मला. नवीन आणून देतो."

"नवीन कशाला? तू पापलेट घे नायतर पुढे हो."

त्यानंतर मी चार वेळा खारदांड्याला गेलो. दर वेळी मच्छी घेतली, दर वेळी भांडलो, आणि दर वेळी टोच्याला नाव ठेवलं. तिसऱ्या खेपेला तिने तो माझ्या हातात दिला, बघ म्हणाली. वर्षानुवर्षं माशांच्या तेलाने तिचे हात माखलेले, त्यामुळे कड्यावरचा काळा लेप अजून धरून होता आणि त्याच्याखाली ठसे स्पष्ट लागत होते. मी अंगठा ठशावर ठेवला आणि चेहरा आंबट केला. "ह्याला तर वजनही नाही," म्हटलं.

चौथ्या खेपेच्या आधी मी मिस्त्रीला स्टेनलेसचा टोचा करायला सांगितला. का, ते सांगितलं नाही. म्हटलं, "म्हातारी आहे, दया आली."

"तुका दया?" तो हसला. पण केला त्याने. दोन दिवस घेतले. पाठीमागे तळहात बसेल असा लट्टू, मध्ये बोटांना पकड यावी म्हणून नर्लिंगच्या खरखरीत खाचा, आणि टोक असं की कागदावर ठेवलं तर आपल्याच वजनाने आत जाईल. बफिंगवर इतका चमकवला की त्यात ट्यूबलाइट दिसत होती. मी म्हटलं, बर्फ फोडायला एवढं कशाला. तो म्हणाला, "गंजको घेवन् चकचकीत देतंस. म्हातारेक वाटाक होया, सौदो बरो झालो."

म्हातारीला तसंच वाटलं. तिने स्टेनलेसचा टोचा पदराने पुसला आणि शेजारणीला दाखवला. मी चार पन्हळींची संगीन मच्छीच्या पिशवीत टाकून निघालो. आयुष्यात मी बरेच सौदे मारलेत, पण रिक्षात बसल्याबसल्या पिशवी उघडून ठसा पुन्हा चाचपला तो त्याच दिवशी.

ती पुढे दोन वर्षं माझ्याकडे होती. सुभेदारांना दाखवायची राहून गेली. आज नेऊ, उद्या नेऊ करेपर्यंत ते मुलाकडे बंगळूरला गेले.

त्या शेवटच्या वर्षात मिस्त्रीचं काम बिघडायला लागलं. बुशचं भोक सैल, पिनची जाडी कमी. दोन लॉट परत आले. मी सगळ्यांसमोर त्याला बोललो, एकदा नव्हे, बऱ्याचदा. "लक्ष कुठे असतं तुझं? घरी जाऊन झोप." तो उत्तर द्यायचा नाही. माप घ्यायचं असलं की मायक्रोमीटर दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, तू वाच रे, माझे हात तेलाचे आहेत. मला ते दिसत होतं. आळस चढलाय असा मी त्याचा अर्थ लावला.

आमच्या गाळ्यात खंडेनवमीला मशिनी बंद असतात. सगळं धुऊन-पुसून, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, आणि प्रत्येक जण आपापलं हत्यार लेथच्या बेडवर आणून ठेवतो. पाने, फाइली, व्हर्नियर. पूजेचं हत्यार गंजकं नसावं असा मिस्त्रीचा दंडक. आदल्या दिवशी तो एकटाच थांबून सगळं घासायचा.

त्या वर्षी मी नारळ आणि पेढे घेऊन सकाळी गाळ्यात शिरलो. लेथच्या बेडवर लाल कापड. त्याच्या मधोमध, पान्यांच्या आणि फाइलींच्या वर, हळदीचं बोट लावलेली चार पन्हळींची संगीन. चमकत होती. आधी मला कळलंच नाही की ती कुठली. वाटलं, मिस्त्रीने नवीन काहीतरी केलंय.

मग उचलली. एमरी मारून, मग बफवर धरून, पॉलिशचा साबण लावून लावून त्याने तिचा सगळा काळा लेप काढला होता. पन्हळींच्या धारा गोल झाल्या होत्या. कड्यावर मी अंगठा फिरवला. गुळगुळीत. कारखान्याचा ठसा नाही, नमुन्याचा आकडा नाही, काही नाही. दोन मिनिटं मी अंगठा फिरवतच राहिलो.

"त्या म्हातारेक दिलेलो तसो झालो ना?" मिस्त्री मागून म्हणाला. खूश होता. "लय गंज होतो त्येका. दोन तास लागले."

मी काय काय बोललो ते सगळं लिहिणार नाही. त्याच्या आईवर गेलो. नारळ हातात होता तो लेथच्या पायाशी आपटला. आठ माणसं अंघोळ करून, टिळे लावून उभी होती, सगळ्यांच्या देखत म्हटलं की तुझ्या दोन महिन्यांच्या पगाराची वस्तू तू दोन तासांत मातीत घातलीस, आंधळा आहेस का.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. म्हणजे माझ्या आवाजाकडे तोंड करून होता, हे आता कळतं.

"तूच म्हणालंस भंगार असा," तो म्हणाला.

"ठसा दिसला नाही तुला? एवढा मोठा ठसा?"

त्याने हात पुसले. खुंटीवरची पिशवी घेतली. दारात चपला पायाने चाचपून घातल्या आणि म्हणाला, "येतंय, शेठ."

चाळीस वर्षांत तो शब्द त्याने एकदाच वापरला.

दसऱ्याला आला नाही. दिवाळीत आला नाही. मी निरोप धाडला नाही. नुकसान माझं झालं, पाय मी का धरू, असं माझं म्हणणं होतं, आणि खरं सांगायचं तर अजून थोडंफार आहेच. त्याने माफी मागितली असती तर मी एका शब्दाने विषय मिटवला असता. तो मागणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी मनातल्या मनात दर सोमवारी त्याला नव्याने शिव्या द्यायचो. त्याच्या लेथवर मी दुसरा माणूस लावला. चांगला आहे, मापं बरोबर येतात. फिनिशकडे मात्र बघवत नाही.

फेब्रुवारीत आमच्यातलाच एक फिटर गावाहून परतला आणि म्हणाला, मिस्त्री भेटला होता, कुडाळला घरीच असतो, काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकली तर नशीब. वर्ष-दीड वर्ष आधीच कळलं होतं त्याला.

मी फोन लावला. त्याच्या सुनेने उचलला आणि त्याला दिला.

"बोल," तो म्हणाला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून? तू माका लेथवर उभो केलो असतंस?"

खरं उत्तर नाही असंच होतं, आणि ते त्यालाही माहीत होतं.

"मी तुला घरी बसवून पगार दिला असता," मी म्हटलं.

"म्हणान नाय सांगलंय."

मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "एका शब्दाने सांगितलं असतंस तर ती संगीन मी तुझ्या हाताला लागूच दिली नसती. तू लपवलंस म्हणून झालं सगळं."

"आणि तू?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आठ-नऊ वर्सां माझ्या डोळ्यांसमोर मांडून बसायचंस. भंगार असा, भंगार असा. तू तरी खंय सांगलंस? माका सांगलंस म्हणान भाव वाढलो असतो?"

मी म्हटलं, तब्येत सांभाळ. तो म्हणाला, होय. फोन सुनेने ठेवला.

नंतर आठवडाभर मी कपाट उघडलं नाही. उघडलं तेव्हा चमकणारी संगीन बाहेर काढून बसलो. काम चोख होतं. नजर गेलेल्या माणसाने नुसत्या बोटांनी केलेलं, चारही पन्हळी आतून सारख्या. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की चाळीस वर्षांत ह्या माणसाने लाखो पिना आणि बुश काढले असतील, आणि सगळे लोकांच्या मशिनींत बसून गेले. त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या मनाने केलेली, जिच्याकडे बघून म्हणता येईल ही त्याची, अशी माझ्याकडे एकही वस्तू नाही. जी होती ती मी बर्फ फोडायला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी मी खारदांड्याला गेलो. म्हातारी होती. बसायची जागाही तीच. स्टेनलेसचा टोचा बर्फाच्या लादीत उभा रोवलेला, आणि लट्टूवर माशांचे खवले. नर्लिंग अजून जसंच्या तसं.

मी पापलेटाचा भाव विचारला नाही. सरळ म्हटलं, "मावशी, हा टोचा मला परत द्या. तुमचा जुना आणलाय." पिशवीतून संगीन काढून दाखवली.

तिने ती हातात घेतली, उलटीपालटी केली. "ह्यो माझा नाय. माझा काळा व्हता."

"तोच आहे. घासलाय फक्त."

"मंग घासायचा कशाला?" तिने ती माझ्याकडे परत सरकवली. "नको रे. ह्यो बरा हाय. हाताला बसतो."

"अजून काय हवं ते सांगा. चांगली सुरी देतो. वजनकाटा देतो."

शेजारची बाई हसायला लागली. म्हातारीने मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. मला कळत होतं की माझ्या तोंडावर सगळं दिसतंय. आवाज चढवून बघावा, दोन शिव्या घालाव्यात, निघून जायचं नाटक करावं असं वाटलं. एवढी वर्षं जे केलं त्यातलं काहीच तोंडातून निघेना. वडील दुकानाच्या पायरीवर असेच उभे असायचे.

"टोचाच हाय ना बाबा," ती म्हणाली. ह्या वेळी जरा मऊ. "एवढा जीव का काढतोस? ज्यानं केला त्याला सांग की. तो करंल दुसरा."

तिने टोचा लादीतून उपसला आणि बर्फ फोडायला घेतला. मी संगीन पिशवीत टाकली आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. मी गिऱ्हाईक नाही असं बघून तिने मला बाजूला व्हायला सांगितलं.